श्वासागणिक हलणारं चुंबकक्षेत्र

एमआरआयच्या बोगद्यात निजलेल्या माणसाला तंत्रज्ञ बजावतो, "अजिबात हलू नका." माणूस निपचित पडतो. श्वास मात्र चालूच असतो. छाती फुगते, बसते, आणि हातभर अंतरावरच्या मेंदूतलं चुंबकक्षेत्र प्रत्येक श्वासाला किंचित सरकतं. ७ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्राच्या ताकदीचं एकक) यंत्रात हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे २९.८ कोटी वेळा डोलतात. श्वासामुळे त्यात पडणारा फरक जेमतेम काही हर्ट्‌झचा. एवढ्याशा फरकामागे शास्त्रज्ञ का लागले, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९४६ साली स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनी द्रव-घन पदार्थांतला केंद्रकीय चुंबकीय अनुनाद पकडला, म्हणजे चुंबकक्षेत्रात डोलणाऱ्या केंद्रकांचा संकेत; एमआरआय चालतो तो यावरच. मग १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्याच आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथेनॉलचा संकेत तपासला, तर तिथे एकाऐवजी तीन शिखरं दिसली, त्यांची क्षेत्रफळं १:२:३ या प्रमाणात. रेणूतल्या हायड्रोजनचे तीन गट डोळ्यांसमोर वेगळे झाले होते! यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे हे काम उभं केलं. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते.

ही शिखरं एकमेकांपासून दशलक्षात काही भाग एवढ्याच अंतरावर असतात. चुंबकक्षेत्र सगळीकडे त्याहूनही काटेकोरपणे सारखं नसेल तर ती एकमेकांत मिसळून जातात. म्हणून चुंबकाच्या ध्रुवांमागे धातूच्या पातळ पट्ट्या सरकवून क्षेत्र सारखं करत. गॅरेजात सांध्यात घालतात, तीच ही शिम. १९५८ मध्ये मार्सेल गोले यांनी पट्ट्यांऐवजी विजेच्या वेटोळ्यांनी ते काम करून दाखवलं.

पण शिमने क्षेत्राची जागोजागची असमानता जाते, वेळेनुसार होणारी चलबिचल नाही. खोलीचं तापमान बदललं, जवळून लिफ्ट गेली, की क्षेत्र ढळतं. त्यावरचा उपाय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो: नमुन्यासोबत एक साक्षीदार ठेवायचा. त्याची वारंवारता सतत मोजायची, ती ढळली की लगेच दुरुस्ती करायची. यालाच लॉक म्हणतात. १९६१ च्या व्हॅरियन ए-६० मध्ये पाण्याचा वेगळा नमुना हे काम करी. पुढे ते काम द्रावकातल्या ड्यूटेरियमकडे, म्हणजे जड हायड्रोजनकडे आलं.

माणसाच्या डोक्यात ड्यूटेरियमचा द्रावक कुठून आणणार? १.५ टेस्लाच्या यंत्रांवर ही अडचण फारशी जाचली नाही. ७ टेस्ला आलं आणि ती उघडी पडली. २००२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने श्वासाने होणारा हा बदल मेंदूच्या कुठल्या भागात किती असतो, ते मोजून मांडलं. फुफ्फुसातली हवा आणि भोवतालचं ऊतक यांची चुंबकीय प्रवृत्ती, म्हणजे चुंबकक्षेत्राला प्रतिसाद देण्याची रीत, वेगळी. छातीचा आकार बदलला की त्याचा पडसाद डोक्यापर्यंत पोचतो. हिशेब करून पाहा: ३ हर्ट्‌झचा फरक २५ मिलिसेकंद टिकला तर संकेताची कला (फेज, म्हणजे डोलण्याच्या फेरीतली जागा) २७ अंशांनी फिरते. प्रतिमेत त्याची भुतं, म्हणजे खोट्या पुसट आकृत्या, उमटतात. मेंदूतली रसायनं ओळखायच्या वर्णपटात (वारंवारतेनुसार मांडलेल्या शिखरांच्या आलेखात) ग्लुटामेट आणि ग्लुटामाइन या दोन रसायनांच्या शिखरांत ७ टेस्लालाही ३० हर्ट्‌झच्या आसपासच अंतर. मिनिटन्‌मिनिटं जमवलेला संकेत दर खेपेला थोडा सरकलेला असेल, तर ती दोन्ही एकमेकांवर पसरतात.

२००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने पोटाच्या पट्ट्यावरून श्वास ओळखून शिमच्या वेटोळ्यांतला प्रवाह त्या-त्या क्षणी बदलला. पण पट्टा श्वास मोजतो, क्षेत्र नाही. श्वासाचा ढंग बदलला की आधी केलेलं गणित चुकतं. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात क्लास प्रूसमान यांच्या गटाने साक्षीदारच परत आणला. डोक्याभोवती अनुनादाचे छोटे शोधक मांडले. पुढे त्यांत फ्लोरिनचे थेंब वापरले, कारण फ्लोरिनची वारंवारता हायड्रोजनच्या आड येत नाही. शोधक सांगतील तशी वेटोळी क्षणोक्षणी क्षेत्र सावरतात.

छातीचा परिणाम लांबून येतो, म्हणून तो डोक्यात सलग पसरलेला असतो आणि बाहेरच्या शोधकांना नीट कळतो. मान जरा वळली की मात्र नाकामागच्या पोकळ्यांभोवतीचं क्षेत्र आतल्या आत बदलतं, आणि ते बाहेरून पुरतं दिसत नाही.