धुक्यात कोणाला पाठवायचे? युद्धखेळातील टेहळणीचे गणित

बुद्धिबळाच्या पटावर काहीच लपलेले नसते. प्रतिस्पर्ध्याची सर्व मोहरी समोर दिसत असतात आणि लपून राहतो तो फक्त त्याच्या मनातला बेत. प्रत्यक्ष रणांगण तसे नसते, ही उणीव युरोपातील लष्करी अधिकाऱ्यांना फार पूर्वी जाणवली होती. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने 1824 मध्ये नकाशावर खेळण्याचा जो युद्धखेळ सैन्यापुढे मांडला, त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसवला. खेळाडूने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे आणि त्याच्या तुकड्यांना जेवढे दिसू शकेल तेवढेच पंचाने त्याला दाखवायचे. आज संगणकावरील डावपेचांच्या खेळांत नकाशावर जे काळे-करडे धुके पसरलेले असते, त्याचा उगम याच कल्पनेत आहे. पंचाची जागा आता आज्ञावलीने घेतली आहे, एवढाच फरक.

हे धुके हटवायला कोणाला पाठवावे, हा प्रश्न नवख्या खेळाडूला किरकोळ वाटतो. त्याच्या दृष्टीने उत्तर सोपे असते: जो सर्वांत वेगाने धावतो आणि सर्वांत लांबचे पाहतो, त्याला पाठवावे. हे उत्तर अपुरे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. टेहळ्याची निवड ही मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: त्याला पाठवल्याने दुसरीकडचे कोणते काम अडते, तो आणणार असलेली बातमी आपला निर्णय बदलू शकते का, आणि ती बातमी निर्णयाची वेळ टळण्याआधी पोहोचते का. वेग आणि दृष्टी यांचे महत्त्व या तिन्हींच्या आधाराने येते.

आपल्याकडेही अनेकांनी खेळलेला ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हा खेळ उदाहरणादाखल घेऊ. सुरुवातीला बहुतेक संस्कृतींच्या खेळाडूंना एक टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत), तीन गावकरी आणि एक टेहळ्या घोडेस्वार मिळतो. दोन खेळाडूंसाठीचा सर्वांत लहान नकाशा 120 गुणिले 120, म्हणजे 14,400 चौकोनांचा असतो. पहिल्या युगात, म्हणजे डार्क एजमध्ये, हा घोडेस्वार सेकंदाला सुमारे 1.2 चौकोन पळतो आणि चहूबाजूंना चार चौकोनांपर्यंत पाहतो. म्हणजे तो सरळ पळत राहिला, तर त्याच्या मागे साधारण नऊ चौकोन रुंदीचा उजळलेला पट्टा उमटत जातो. नऊ गुणिले 1.2 म्हणजे सेकंदाला 10.8 चौकोन. एकही चौकोन दोनदा न पाहता, कुठेही न अडखळता त्याने सारा नकाशा पालथा घातला, तरी खेळाच्या घड्याळाप्रमाणे त्याला बावीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. सरावलेला खेळाडू मात्र दहाव्या मिनिटाच्या आसपास पुढच्या, फ्यूडल युगात गेलेला असतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याचे पहिले सैनिक तुमच्या कुंपणाशी येतात. सारा नकाशा पाहायचा म्हटले, तर बातमी हाती येईपर्यंत तिचा उपयोग संपलेला असेल.

फ्यूडल युगात याच घोडेस्वाराचा वेग 1.55 होतो आणि दृष्टी सहा चौकोनांपर्यंत जाते. वेग वाढला जेमतेम तीस टक्के, दृष्टी वाढली पन्नास टक्के, पण सेकंदाला उजळणारे क्षेत्र 10.8 वरून सुमारे 20 चौकोनांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर जाते. पट्ट्याची रुंदी आणि वेग यांचा गुणाकार हेच शोधक्षमतेचे खरे माप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचा अभ्यास करणारे गणितज्ञ बर्नार्ड कूपमन यांनी याच गुणाकारावर शोधाचा सिद्धांत उभा केला. त्यांचे एक सूत्र असे सांगते की, शोधणारा वाट न आखता भरकटत फिरला आणि त्याने एकूण क्षेत्राइतकेच क्षेत्र पालथे घातले, तरी लक्ष्य सापडण्याची शक्यता सुमारे 63 टक्केच राहते, कारण काही जागा तो पुन्हा पुन्हा पाहतो आणि काही जागांकडे फिरकतच नाही. दुप्पट वेळ घालवला तरी ही शक्यता 86 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. शोध जितका लांबतो, तितके प्रत्येक जादा मिनिटाचे फळ कमी होत जाते.

म्हणूनच कुशल खेळाडू घोडेस्वाराला भटकू देत नाही. खेळातील मेंढ्या, रानडुकरे, सोन्याच्या खाणी या टाउन सेंटरपासून ठरावीक अंतराच्या कड्यांमध्ये पसरलेल्या असतात, हे ठाऊक असल्याने तो आधी घराभोवती वर्तुळाकार फेऱ्या मारतो आणि मगच शत्रूच्या संभाव्य दिशेला वळतो. जिथे सापडण्याची शक्यता अधिक, तिथे प्रयत्न आधी खर्च करावेत, हे कूपमन यांच्याच सिद्धांताचे सूत्र तो अनुभवाने पाळत असतो. आणि या पहिल्या मिनिटांत सर्वांत सुंदर गोष्ट घडते ती मेंढीच्या बाबतीत. सापडलेली मेंढी आपल्या हुकुमात येते आणि तिची कापण्याची पाळी येईपर्यंत ती तशी रिकामीच असते. म्हणून अनुभवी खेळाडू एखाद्या मेंढीला घराच्या अंधाऱ्या बाजूला चालवत नेतो. मेंढीची चाल मंद आणि दृष्टी तोकडी, पण तिला पाठवल्याने कोणतेच काम अडत नाही, आणि परतल्यावर तिच्यातले शंभर अन्नही मिळतेच. धोका एवढाच की, आपले कोणी जवळ नसताना ती शत्रूच्या नजरेस पडली, तर ती शत्रूची होते. घोडेस्वार लांबच्या दिशेला मोकळा ठेवून जवळचा अंधार मेंढीकडून उजळून घेणे ही टेहळणीच्या निवडीची अगदी नमुनेदार उकल आहे, असे मला वाटते.

आता बातमीच्या किमतीकडे वळू. माहितीला पैशांत किंवा साधनसामग्रीत मोजता येते, हा विचार अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रोनाल्ड हॉवर्ड यांनी 1966 मध्ये नेमक्या गणिती स्वरूपात मांडला. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. शत्रू लवकर चाल करून येईल, याची शक्यता तीस टक्के आहे असे धरा. तुम्ही कुंपण घालून सज्ज राहिलात, तर 150 एकक खर्च येतो, मग तो येवो वा न येवो. सज्ज नसताना तो आला, तर 600 एककांचे नुकसान होते. काहीच ठाऊक नसताना बेसावध राहण्याचे सरासरी नुकसान 180, तर सज्ज राहण्याचा खर्च 150, म्हणून शहाणा खेळाडू कुंपण घालतो. पण टेहळ्याने अचूक बातमी आणली, तर कुंपण फक्त तीस टक्के वेळा घालावे लागेल आणि सरासरी खर्च 45 वर येईल. वाचलेले 105 एकक ही त्या बातमीची कमाल किंमत. घोडेस्वार 80 अन्नाला मिळतो, म्हणजे बातमी पोहोचवून तो मारला गेला तरी व्यवहार फायद्याचाच ठरतो.

हाच हिशेब शक्यता बदलून केला की खरी गंमत दिसते. शत्रू येण्याची शक्यता फक्त पाच टक्के असेल, तर बातमीची किंमत 22 एककांच्या आसपास उतरते आणि 50 अन्नाचा गावकरीसुद्धा पाठवणे परवडत नाही. शक्यता नव्वद टक्के असेल, तर किंमत अवघी 15 होते, कारण तुम्ही एरवीही कुंपण घालणारच होतात. किंमत सर्वाधिक भरते ती पंचवीस टक्क्यांना, जिथे दोन्ही पर्याय सारखेच तोलाचे आहेत आणि मन द्विधा आहे. टेहळ्या पाठवण्यापूर्वी खेळाडूने स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘शत्रू काय करतो आहे?’ हा नाही. ‘काय दिसले तर मी काय बदलेन?’ हा आहे. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याने घोडेस्वार घरीच ठेवून शिकारीची हरणे टाउन सेंटरकडे हाकावीत.

‘स्टारक्राफ्ट 2’ या खेळात तर टेहळणीची ही किंमत उघडपणे मांडून ठेवलेली आहे. तिथे टेरन या मानवी पक्षाचे ऑर्बिटल कमांड हे केंद्र 50 ऊर्जा खर्चून नकाशाचा कोणताही भाग काही क्षणांसाठी उजळवू शकते. नेमक्या तेवढ्याच ऊर्जेत ते म्यूल नावाचे यंत्र उतरवू शकते आणि ते यंत्र आपल्या अल्प आयुष्यात दोनशेहून अधिक मिनरल, म्हणजे खेळातले खनिजधन, गोळा करून देते. वरवर फुकट भासणाऱ्या त्या एका नजरेची किंमत म्हणजे ते न मिळालेले मिनरल. प्रोटॉस पक्षाचा ऑब्झर्व्हर हा अदृश्य टेहळ्या 25 मिनरल आणि 75 गॅस एवढ्या किमतीत मिळतो, पण तो ज्या कारखान्यात बनतो, तिथे तेवढा वेळ दुसरे लढाऊ यंत्र बनू शकत नाही, आणि हा अडलेला वेळ पुष्कळदा गॅसपेक्षा महाग पडतो. झर्ग पक्षाची झर्गलिंग ही स्वस्त सैनिक जोडीने 50 मिनरलना येते. म्हणून झर्ग खेळाडू एकेक झर्गलिंग वाटेच्या नाक्यावर उभी करून ठेवतो. ती फिरत नाही, लढत नाही. शत्रूचे सैन्य तिच्यावरून गेले की ती मरते, आणि तिचा मृत्यू हीच बातमी असते.

इथे फिरत्या आणि उभ्या टेहळ्यांमधला फरक लक्षात घ्यावा लागतो. इमारती चालत नाहीत. आठव्या मिनिटाला पाहिलेली तिरंदाजांची शाळा दहाव्या मिनिटालाही बहुधा तिथेच असते, म्हणून तिच्यासाठी एकदाच जाऊन येणारा वेगवान टेहळ्या पुरतो. सैन्याविषयीची बातमी मात्र अर्ध्या मिनिटात शिळी होते, आणि तिच्यासाठी स्वस्त, उभा, विसरून जाता येईल असा पहारेकरी हवा. जाणता खेळाडू शत्रूच्या गावात शिरल्यावर सैनिकांपेक्षा गावकऱ्यांकडे आधी पाहतो. बरेचसे गावकरी सोन्याच्या खाणीवर असतील, तर तिरंदाज येण्याची शक्यता वाढते. सारे अन्नावर असतील आणि तबेला दिसला, तर घोडेस्वारांची वाट पाहावी. सैन्य लपवता येते, लवकर माघारी नेता येते. अर्थव्यवस्थेचा रोख तितक्या सहज फिरवता येत नाही. त्याच वेळी, टेहळ्या दिसला तर शत्रूलाही काहीतरी कळते: आपण पाहिले गेलो आहोत, हे. मग तो मुद्दाम एखादी इमारत उभारायला घेऊन तुमची पाठ वळताच ती रद्द करू शकतो. ऑब्झर्व्हरसारख्या अदृश्य टेहळ्याचे मोल म्हणूनच त्याच्या दृष्टीच्या पल्ल्यापुरते नसते. त्याने आणलेली बातमी सजवलेली नसते, हे त्याचे मोठे मोल.

प्रत्यक्ष युद्धात अशा निवडीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण 4 जून 1942 रोजी प्रशांत महासागरातील मिडवे बेटाजवळ जपान आणि अमेरिका यांच्यात झालेल्या लढाईचे आहे. जपानी ताफ्याकडे चार विमानवाहू जहाजे होती, पण त्यांवरची विमाने हल्ल्यासाठी राखून ठेवण्याकडे जपानी नौदलाचा कल होता. त्या सकाळी एवढा मोठा समुद्र धुंडाळायला त्यांनी फक्त सात विमाने योजली. त्यांपैकी दोनच विमानवाहू जहाजांवरची होती. बाकीची क्रूझर आणि युद्धनौकेवरची, पाण्यावर उतरणारी विमाने होती. तोने या क्रूझरचे एक विमान सुमारे अर्धा तास उशिरा निघाले. चिकुमा या क्रूझरच्या विमानाचा मार्ग अमेरिकी ताफ्याजवळून जात असूनही त्याला तो दिसला नाही. तोनेच्या विमानाने शत्रूच्या ताफ्यात विमानवाहू जहाज असल्याचे कळवले, तेव्हा सकाळचे 8 वाजून 20 मिनिटे झाली होती आणि तोवर काही जपानी विमानांवर बेटावरील दुसऱ्या हल्ल्यासाठी जमिनीवर टाकायचे बॉम्ब चढवून झाले होते. साडेदहाच्या आत तीन जहाजे पेटली होती. चौथेही टिकले नाही. अमेरिकेने टेहळणीसाठी मिडवे बेटावर कॅटलिना विमाने ठेवली होती. ती अत्यंत संथ होती, लढाऊ विमानांपुढे टिकण्याजोगी नव्हती, पण तासन्‌तास हवेत राहू शकत होती आणि त्यांच्यामुळे हल्ल्याचे एकही विमान अडकून पडत नव्हते. जपानी ताफा त्याच सकाळी आधी दिसला तो कॅटलिनाच्या वैमानिकांना. तोनेचे विमान वेळेवर निघते, तर इतिहास बदलला असता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ते ठरल्या वेळी ठरल्या मार्गाने गेले असते, तर त्याला अमेरिकी जहाजे दिसलीच नसती, असेही काहींनी दाखवून दिले आहे. माझ्या मते दोष त्या एका विमानाचा नव्हता. पट्ट्यांमध्ये मोठी अंतरे ठेवणारी आखणीच मुळात तोकडी होती, आणि कूपमन यांचा गुणाकार सात विमानांना लावला असता, तर हे तोकडेपण आधीच दिसले असते.

‘एज ऑफ एम्पायर्स 2’ मध्ये शेवटच्या युगात किल्ल्यातून हेरांची विद्या विकत घेता येते. ती घेतली की शत्रूच्या प्रत्येकाला जे दिसते, ते सारे आपल्याला दिसू लागते. तिची किंमत शत्रूच्या प्रत्येक गावकऱ्यामागे 200 सोने अशी ठरते. शंभर गावकरी राबत असतील, तर 20,000 सोने मोजावे लागेल, आणि एवढ्या सोन्यात एरवी दोन-तीन सैन्ये उभी राहतात, म्हणून ऐन लढाईत ती कोणी घेत नाही. शत्रू मोडल्यावर त्याचे दोन गावकरी जंगलाआड कोपऱ्यात लपून बसलेले असतात आणि त्यांना शोधायला घोडेस्वार भरकटत असतात, तेव्हा तीच विद्या 400 सोन्याला मिळते. तेव्हा मात्र ती विनाविलंब घ्यावी.