फुटाचा इंच : चिमुकल्या वस्तूंच्या अदलाबदलीमागची गोष्ट

नाशकात आम्ही आठ जण गेली काही वर्षं एक उद्योग करतोय. प्रत्येकाने घरातली एक वस्तू निवडायची, ती बाहुलीघराच्या मापात हाताने बनवायची, आणि एक नव्हे, आठ नग. सगळे नग एकीच्या घरी जमा होतात आणि ती वाटणी करते. आठ पोळपाट घेऊन गेलेली मी एक पोळपाट, एक कंदील, एक सूप, एक उखळ असे आठ जिन्नस घेऊन परत येते. छंदाच्या जगात याला ‘स्वॅप’ म्हणतात. हे सगळं सासूबाईंना पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे वाण लुटायचंच की.”

आणि ते खरंच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई एकाच प्रकारची वस्तू डझनाने आणते आणि घरोघर फिरून तिच्याकडे डझनभर वेगवेगळ्या वस्तू जमतात. हिशेब तोच. त्यात सुगड तर स्वतःच छोट्या रूपातलं मडकं. गाजर, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, ओंब्या भरून ते एकमेकींना द्यायचं. आमच्या गटाने दुसऱ्या वर्षापासून वाटणीचा दिवस रथसप्तमीच्या आत धरला, त्याचं कारण हेच. शिवाय नग ठेवायला सुगडं मिळतात, खोके शोधावे लागत नाहीत.

दुसरा धागा रुखवताचा. लग्नात मुलीकडच्या बायका टेबलावर जो संसार मांडायच्या, त्यात सुपारीचे नवरा-नवरी, भटजी, काड्यापेट्यांचं कपाट, आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा, थर्माकोलचा बंगला असं सगळं असे. माझ्या मावशीने सुपारीचा भटजी करताना त्याला कापसाची शेंडी लावली आणि ती पांढरी दिसते म्हणून काजळ फासलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजीचं अख्खं डोकं काळं झालं होतं. रुखवतात हौस भरपूर, माप मात्र शून्य. भटजीपेक्षा त्याची पळी मोठी असली तरी कुणाची हरकत नसे.

भातुकलीचंही तसंच. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचं नाव जुनं आहे. १८८३च्या जिल्हा गॅझेटियरनेही इथल्या या कामाची दखल घेतलेली आहे. जुन्या नाशकातली तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावं त्याच धंद्याची. गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आलेला यात्रेकरू तीर्थ भरून न्यायला छोटा गडू घेई आणि पोरांसाठी भातुकली. तिच्यातल्या बंबात खरा निखारा ठेवता येई, जात्यातून रवा नाही तरी भरडा निघे. मात्र जातं आणि हंडा एकाच उंचीचे, आणि चमचा चुलीएवढा. याला मी दोष म्हणणार नाही. भातुकलीचं माप बाहुलीचं नव्हतंच, ते खेळणाऱ्या पोरीच्या मुठीचं होतं.

माप आलं ते युरोपातून. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८च्या सुमारास म्युनिकमध्ये करवून घेतलेलं बाहुलीघर नोंद असलेल्या सर्वांत जुन्यांपैकी. ते १६७४च्या आगीत गेलं. सतराव्या शतकात न्यूरेंबर्गला अशी घरं होऊ लागली, ती मुलींना घरकारभार शिकवण्यासाठीही वापरत. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईचं घर मात्र मुलांच्या खेळण्यासाठी नव्हतं. १६८६ ते १७१० या काळात तिने ते सजवलं आणि त्यातली चिनी मातीची इवली भांडी थेट चीनमधून बनवून घेतली. आज ते तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. हौशी माणसाने पैशाकडे बघू नये, हे तिच्याकडून शिकावं!

आपल्या दृष्टीने जवळचं नाव एडविन लट्यन्सचं. नवी दिल्लीत त्याच्या आराखड्यावर आजचं राष्ट्रपती भवन उभं राहत होतं, त्याच काळात, १९२१ ते १९२४ दरम्यान, हा माणूस ब्रिटनच्या क्वीन मेरीसाठी बाहुलीघर बांधत होता. नळाला पाणी, खोल्यांत विजेचे दिवे, चालणाऱ्या लिफ्ट, आणि सगळं फुटाला एक इंच या मापात. पुढे शिकागोच्या नार्सिसा थॉर्न यांनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून खोल्यांचे देखावे करून घेतले. त्यातले ६८ तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, मापही तेच. अमेरिकेत १९७२ साली अशा चिमुकल्या वस्तूंच्या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना निघाली. क्लब, मेळावे आणि त्यांतली देवाणघेवाण अशा वाटेने ‘एकास बारा’ हे माप सगळीकडे गेलं. अदलाबदलीला ते हवंच. तुझा पाट आणि माझं ताट वेगळ्या मापाचं असेल तर दोन्ही फुकट.

गंमत म्हणजे आपल्या सुताराला हे माप शिकवावं लागत नाही. एका इंचाचे आठ सूत. फुटाचा इंच केला की खऱ्या वस्तूचा दीड इंच म्हणजे एक सूत. तीन इंचांची वाटी दोन सूत, सहा इंचांचा तांब्या चार सूत, नऊ इंचांचा पोळपाट सहा सूत. दशमान पट्टी घेऊन बसणाऱ्यांपेक्षा आमच्या गटातले निवृत्त फर्निचरवाले काका तोंडी हिशेबात कायम पुढे असतात.

माझा पोळपाट असा होतो. डॉक्टर जीभ दाबायला वापरतात ती लाकडी पट्टी औषधांच्या दुकानात मिळते, तिची रुंदी जवळपास सहा सूतच भरते. वर्तुळ आखून कात्रीने कापलं तर पट्टी उभी चिरते, म्हणून आधी चौकोन करायचा, मग कोपरे पॉलिश पेपरवर घासत गोल आणायचे. खाली टूथपिकचे तीन तुकडे. लाटणं सव्वा इंचाला जरा कमी, तेही टूथपिकचंच, दोन्ही टोकं निमुळती. शेवटी चहाच्या पाण्याचा हात. नवं कोरं लाकूड स्वयंपाकघरात खोटं दिसतं.

भांड्यांवर मात्र गाडी अडली. तांबट लेनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी सव्वा इंचाचा हंडा करून मागितला. त्यांनी पत्र्याचा तुकडा माझ्या बोटांत दिला. “भांडं बारा पट लहान, मग पत्रा बारा पट पातळ नको? कागदावर ठोका कसा मारू?” लेथवर भरीव पितळ कातून मिळेल म्हणाले, पण त्यावर ठोक्यांची खूण नसणार, आणि ठोक्याशिवाय नाशिकचा हंडा कसला. सध्या मी कॉर्नफ्लोअर आणि फेविकॉलच्या मातीचा हंडा करते. सुकताना ती आक्रसते म्हणून सूतभर मोठा घ्यायचा, ओलसर असतानाच बोथट सुईने ओळीत टोचे मारायचे, वाळला की तांबडा रंग. आठातले दोन हमखास तडकतात, म्हणून या संक्रांतीला दहा केलेत.