गोणीतली राख

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. परवाच्या सभेत एका काकांनी सिमेंटची रिकामी गोणीच टेबलावर आपटली. "वाचा, फ्लाय ॲश! बिल्डर राख कालवतोय." सभा तापली. गोणीवर 'पीपीसी', म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, असं छापलेलं होतं. भारतीय मानकानुसार त्या सिमेंटात 15 ते 35 टक्के राख घालतातच. तिला भेसळ कशी म्हणायची?

ही चुलीतली राख नव्हे. औष्णिक वीजकेंद्रात पिठासारखा दळलेला कोळसा भट्टीत फुंकतात. त्यातली माती वितळते, तिचे थेंब होतात आणि धुराबरोबर उडताना झटक्यात थिजतात. अणूंना शिस्तीत रांग लावायला सवडच मिळत नाही, म्हणून बनतात काचेचे बारीक गोळे. या काचेत मुख्यतः सिलिका असते. वाळूतही तीच असते, पण स्फटिकात घट्ट बसलेली; ती चुन्याला दाद देत नाही. काचेतली देते.

आता सिमेंटकडे. पाणी मिळालं की त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा चिकट जेल तयार होतो, खडी-वाळूला धरून ठेवणारा. सोबत निघतो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतो तोच चुना. बळकटीला तो फारसा कामाचा नाही. ओलीबरोबर झिरपून भिंतीवर पांढरे ओघळ मात्र काढतो. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू (पीएच) 13च्या आसपास असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं. त्यात राखेची काच सावकाश विरघळते, सुटलेली सिलिका त्या चुन्याला गाठते आणि पुन्हा जेल बनतो! छिद्रं बुजतात, खाडीकाठच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळ्यांपर्यंत उशिरा पोचतं आणि त्या उशिरा गंजतात. रोमन लोक हेच इटलीतल्या पोझुओलीच्या ज्वालामुखी राखेनं साधत. पीपीसीतला दुसरा 'पी', पोझोलाना, तिथलाच. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवर, शहापूरच्या बाजूला घाटघर प्रकल्पाच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे.

राख निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. तळ्यांत साठवली तर वाळून उडते, आर्सेनिकसारखी द्रव्यं पाण्यात उतरू शकतात. ती वापरा म्हणून केंद्र सरकार 1999 पासून अधिसूचना काढतंय. तेव्हा हीच राख घालून 'ग्रीन होम'चे जादा पैसे मागणाऱ्या माहितीपत्रकांचंही मला हसू येतं.

खरी भानगड वेगळीच आहे. ही प्रक्रिया आळशी. सुरुवातीला ताकद हळू येते, 28 दिवसांनंतरही वाढत राहते, पण ओल असेल तरच. अशा सिमेंटावर किमान 10 दिवस पाणी मारा, असं मानक सांगतं. काकांना म्हटलं, गोणी ठेवा बाजूला, स्लॅबवर पाणी किती दिवस पडतंय ते मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन साइटच्या फाटकाशी उभे होते.