बाबा आज कसे येणार?

बेळगावकडच्या खानापूर भागातल्या एखाद्या गावात रात्री गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजते आणि आठ-नऊ वर्षांची पोर पेन्सिल थांबवते. गाडी एका दमात स्टँडवर लागली की दोनदा घसरली, एवढ्यावरून तिला कळतं, गृहपाठ पुरा करायचा की धाकट्याला घेऊन परड्यात जायचं. चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त दारू येते, बिलं घरातली पोरं फेडतात.

हे कान उपजत नसतात, ते तयार होतात. 2002 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांनी मार खाल्लेल्या मुलांना अंधूक चेहरे हळूहळू स्पष्ट करत दाखवले. इतर मुलांच्या आधी, अर्धवट दिसत असतानाच, त्यांनी राग ओळखला. मेंदूतला धोका हेरणारा अमिग्डाला जागाच राहिला की कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरकं वेळी-अवेळी वाढतात. त्यातही ठाऊक असलेल्या त्रासापेक्षा नेम नसलेला त्रास शरीराला जड जातो. आज बाबा खाऊ आणतील की ताट भिरकावतील, हे कळत नाही, तीच खरी अडचण.

शाळेत हीच पोर गुरुजींनी फळ्याकडे हात उचलला तरी दचकते. कुणी मारामाऱ्या करतं, कुणाचं गणितात लक्ष लागत नाही. आणि एखादी इतकी समंजस होते की गल्ली कौतुक करते, ‘पोरगी लई शहाणी हो, भाकरी थापते, भावाला आंघोळ घालते.’ मला या कौतुकाचीच जास्त धास्ती वाटते. दंगा करणाऱ्याकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं.

‘दारुड्याच्या मुलांची अमुक लक्षणं’ अशा याद्या मोबाईलवर फिरतात, त्यांच्यावर मात्र फार विसंबू नका. 1992 च्या एका अभ्यासात असली वर्णनं दारूशी संबंध नसलेल्या घरातल्या लोकांनाही ‘हे तर माझंच’ अशी वाटली होती. राशिभविष्याची गत. बापाची दारू मुलाच्या नशिबात लिहिलेली असते, हेही खरं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा दिसतो. उरलेला वाटा घर, गाव आणि सोबतीचा.

त्या उरलेल्या वाट्यात करण्यासारखं बरंच आहे. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट या अमेरिकी संशोधकांनी 1980 च्या सुमारास दारू असलेली घरं पाहिली. जिथं रात्रीचं जेवण आणि सणवार पिण्यापायी मोडू दिले नव्हते, तिथल्या मुलांत व्यसन कमी उतरलेलं दिसलं. घरं मोजकीच होती, म्हणून निष्कर्ष फार ताणू नये. पण हवाईच्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी दशकानुदशकं माग काढला, तोही याच दिशेचा. अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश धड उभी राहिली, आणि त्यांच्या पाठीशी बहुधा एखादी आजी, शेजारीण किंवा शिक्षक होते.

आपल्याकडं माळ घातली की दारू सुटली, असा हिशेब आहे, आणि कित्येकांची सुटतेही. पण बाबा माळ घालतील तेव्हा घालतील. आठ वाजता पोरांची ताटं वाढणं आणि गणपतीत त्यांना आरतीला नेणं, हे आई, आजी किंवा काकू आजच धरू शकतात. पिणाऱ्याच्या किंवा घरच्यांच्या मनाचा भार हलका करायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. घरात मारहाण होत असेल, तर जेवणाच्या वेळा पाळून भागणार नाही. तिथं मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक लावायचा, आणि तो शेजाऱ्यानं लावला तरी चालतो.