दात तुटला म्हणून लगेच उपटायचा नसतो

आपल्याकडे दाताचा तुकडा पडला की माणूस एकतर दुखत नाही म्हणून वर्षभर तसाच राहतो, नाहीतर ठणका लागला की तालुक्याला जाऊन "काढून टाका डॉक्टर" म्हणतो. दोन्हीत दात जातो, आणि यातले कितीतरी दात वाचले असते याचं खरंच वाईट वाटतं.

दात कुठपर्यंत तुटला यावर सगळं ठरतं. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट, त्यात जवळपास 96 टक्के खनिजच असतं, पण जिवंत पेशी नसतात म्हणून ते हाडासारखं परत जुळून येत नाही. खर्र्यातली सुपारी रोज चावून दाढा झिजतात, त्यांना चिरा पडतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथं लहानपणी इनॅमल बनतानाच कच्चं राहतं, मंग ते लवकर टवकतं.

नुसतं इनॅमल गेलं असेल तर घासून गुळगुळीत करतात, नाहीतर दाताच्याच रंगाचं मटेरियल भरतात, त्याला कॉम्पोझिट म्हणतात. आधी अ‍ॅसिड लावून दात किंचित खरबरीत करायचा, मंग त्या बारीक खड्ड्यांत मटेरियल घुसतं आणि निळ्या लाईटनं काही सेकंदांत कडक होतं. ही अ‍ॅसिडची युक्ती 1955 मधली आहे, बुओनोकोर नावाच्या संशोधकाची. तुटलेला तुकडा सापडला तर तोही कधी कधी परत चिकटवता येतो, म्हणून तो फेकू नका, पाण्यात टाकून सोबत न्या.

आतला पिवळसर थर उघडा पडला की थंड पाण्यानं झणझण होते, कारण त्यातून बारीक नळ्या आत नसेपर्यंत जातात. आणि मधोमध लाल ठिपका दिसला, रक्त आलं, तर नस उघडी पडली, तिथं मोठ्या माणसाला बहुतेक वेळा रूट कॅनल लागतं, म्हणजे दात पोखरून आतली नस काढायची आणि पोकळी भरायची. आता इथंच लोक चुकतात, रूट कॅनल झालं, दुखणं थांबलं, की दातावरची टोपी म्हणजे कॅप लावायला कोणी परत जातच नाही, पैसेही वाचतात. पण पोखरलेली दाढ कमजोर झालेली असते, एक दिवस फुटाणे खाताना उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की मंग खरंच काढावी लागते. त्यानंतर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं नकली दात, करायचा तर ते चांगले दात घासावे लागतात, इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला नकली दात करायचा तर त्याचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात मुरायला काही महिने जातात, आणि दोन्हीचा खर्च कॅपपेक्षा जास्तच. पैशाची अडचण असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. दुखतंय म्हणून हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू दाबू नका, गोळीनं हिरडी भाजते.

लेकराला हापशीचा दांडा लागून अख्खा पक्का दात मुळासकट पडला तर मात्र दवाखान्यात पोचेपर्यंत थांबू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला हात नाही लावायचा, माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं पटकन धुवायचं, घासायचं नाही, आणि तिथंच जागेवर बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर दुधात टाकून न्या. मुळावरच्या पातळ पडद्यातल्या पेशी कोरड्या पडल्या की अर्ध्या-एक तासात मरतात, तेवढ्यात एसटीसुद्धा येत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरला विचारा. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.