मेणबत्ती विझल्यावर ग्लासात पाणी का चढतं?

परातीतल्या पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातला की पाणी आत चढतं. ‘ऑक्सिजन संपला, पाण्याने त्याची जागा घेतली’ हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण चूक आहे. ज्योत विझते तेव्हाही साधारण १६ टक्के ऑक्सिजन उरतो. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतात.

परातीत बोटभर पाणी घ्या, आगळाचे (कोकमाच्या घट्ट रसाचे) दोन चमचे घाला म्हणजे रंग दिसेल. काठाखाली एक नाणं सरकवा, नाहीतर ग्लास तळाला घट्ट बसतो आणि पाणी आत शिरतच नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा खिडकी लावून घ्या.

आता नीट बघा: ग्लास ठेवताना काठातून बुडबुडे सुटतात. ती तापून फुगलेली हवा. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होते, आतला दाब घटतो आणि पाणी झपाट्याने वर येतं. मालवणच्या किनाऱ्यावर बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो भाराने दाबते. तीच पाणी आत ढकलते.

पटत नसेल तर तोच ग्लास तीन मेणबत्त्यांवर ठेवा. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढेल. किंवा मेणबत्तीच नको: ग्लास कढत पाण्याने (उकळत्या नव्हे, काच तडकते) तापवून, रिकामा करून लगेच उपडा घाला.