ल प्वी ते सँ-शेली पायी: बॅग १२ किलोचीच का?

फ्रान्समधल्या या पायी सहलीची नोंदणी झाली की आठवड्याभरात फोन येतोच. "विमान कंपनी २३ किलो न्यायला देते, मग तुम्ही १२ वर का अडता?" प्रश्न रास्त आहे आणि दर तुकडीत निदान चौघे तरी तो विचारतात, म्हणून उत्तर छापून देत आहोत. कार्यक्रम, विमानाच्या वेळा आणि व्हिसाच्या कागदांची यादी तुमच्याकडे पोचली आहेच. हे पान सामानापुरतं आहे.

आधी वाट कशी आहे ते सांगते. सुरुवात ल प्वी-आँ-व्हले या गावातून. गाव ज्वालामुखीच्या सुळक्यांभोवती वसलेलं आहे. एका सुळक्याच्या माथ्यावर दहाव्या शतकातलं सँ-मिशेलचं प्रार्थनास्थळ आहे, तिथे २६८ पायऱ्या चढून जावं लागतं. दगड काळा, ज्वालामुखीचा. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. इथला बिशप गोदेस्काल्क ९५० च्या सुमारास स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला निघाला. आज त्या यात्रेची जी वाट आपण चालतो तिला 'जीआर ६५' म्हणतात. झाडांवर, दगडांवर, कुंपणांच्या खांबांवर पांढऱ्या-लाल पट्ट्या रंगवलेल्या दिसतात. त्याच रंगांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही.

आपण ७ दिवसांत साधारण १३५ किलोमीटर चालतो. सँ-प्रिव्हा, सोग, ल सोव्हाज, सँ-आल्बाँ, ओमों-ओब्राक, नास्बिनाल आणि शेवटी सँ-शेली-दोब्राक असे मुक्काम आहेत. सर्वांत मोठा टप्पा २६ किलोमीटरचा, सर्वांत छोटा १३ चा. छोटा मुद्दाम चौथ्या दिवशी ठेवला आहे, कारण तोवर पाय बोलायला लागलेले असतात.

वारी केलेल्या मंडळींना पुढचं समजावून सांगावं लागत नाही. दिंडीचं सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जातं आणि वारकरी खांद्यावर एक पिशवी घेऊन चालतो. इथेही तसंच आहे. तुमच्या पाठीवर फक्त पाणी, रेनकोट, दुपारचा डबा आणि एखादा गरम कपडा. मोठी बॅग सकाळी ८ च्या आत मुक्कामाच्या दारात आणून ठेवायची, संध्याकाळी ती पुढच्या गावात मिळते. ती नेणारी व्हॅन आपली नाही. त्या वाटेवरच्या सगळ्याच यात्रेकरूंच्या बॅगा ती गावोगावच्या मुक्कामांवरून गोळा करत जाते. चालक एकटा असतो आणि प्रत्येक बॅग हाताने उचलतो. म्हणून वजनाची मर्यादा आहे, आणि ती आम्ही ठरवलेली नाही. गाडीवाले साधारण १३ किलोपर्यंत घेतात. आम्ही १२ सांगतो, कारण ओल्या कपड्यांचं वजन कुणी धरत नाही.

ही मर्यादा मोडली की काय होतं, ते दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीने अनुभवलं. दुसऱ्या दिवसाची सकाळ, सँ-प्रिव्हा. दोन बॅगा १९-१९ किलोच्या निघाल्या. चालकाने एक उचलून पाहिली, शांतपणे खाली ठेवली आणि बाकीच्या बॅगा घेऊन निघून गेला. मग दारातच दोन्ही बॅगा उघडल्या. चिवड्याचे डबे, इस्त्री केलेले कुर्ते, एक हेअर ड्रायर, लोणच्याची बरणी. दुसऱ्या बॅगांची सोय करायची, जास्तीचे पैसे भरून गाडी परत बोलवायची, यात सव्वा तास गेला. त्या सव्वा तासाची किंमत पुढे दिवसभर मोजावी लागली. रोशगूदहून आलिए नदीकडे जाणारी उतरण चांगलीच तीव्र आहे. ती उन्हं चढल्यावर उतरलो. मोनिस्त्रोलला पोचलो तर दुकानं जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालेली. नदी ओलांडली की पठारापर्यंत जवळपास ४०० मीटरची चढण आहे, ती बिस्किटांवर चढलो. सोगला पोचलो तेव्हा जेवायला वीस मिनिटं उरली होती. इथल्या मुक्कामांवर रात्रीचं जेवण एकदाच, ठरल्या वेळी, सगळ्यांना एकत्र वाढलं जातं. उशिरा आलेल्यासाठी पुन्हा चूल पेटत नाही. बॅगा दोघांच्या होत्या, पण दिवस दहाही जणांचा गेला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण निघण्यापूर्वी पुण्यातच काटा लावला असता तर हे टळलं असतं.

तेव्हापासून निघण्याआधीच्या बैठकीत आम्ही प्रत्येकाची बॅग लटकवायच्या काट्यावर तोलतो. काही जणांना हे शाळेसारखं वाटतं. तरी आम्ही ते सोडणार नाही. त्या दिवशी तुमच्या बॅगेतून जे बाहेर निघतं ते तुमच्या घरीच परत जातं. फ्रान्समध्ये बाहेर काढलेलं सामान ठेवायला जागा नसते.

१२ किलोत भागतं का? माझी स्वतःची बॅग साडेआठ किलोच्या आत बसते. कापडी डफल १.१ किलो, कपडे ३.६, सँडल अर्धा, चादर अर्धा, औषधं आणि साबण-ब्रश मिळून १, चार्जर-प्लग ४०० ग्रॅम आणि खाऊ १.२ किलो. चाकांची कडक सूटकेस मात्र आणू नका. मोठी असेल तर ती रिकामीच चार-पाच किलोची भरते, म्हणजे एक-तृतीयांश वजन नुसत्या खोक्यात गेलं. शिवाय मुक्कामाची घरं बहुतेक जुनी, जिने दगडी आणि अरुंद, तिथे चाकांचा काही उपयोग नाही.

कपड्यांचे दोन जोड लागतात, एक चालायचा आणि एक कोरडा. संध्याकाळी धुवायचे, वाळत घालायचे. जीन्स नको, ती वाळत नाही. छत्रीही नको. ओब्राकचं पठार तेराशे मीटरच्या आसपास उंच आणि उघडं आहे, वारा छत्री टिकू देत नाही, आणि जूनमध्येही तिथे बोचरी थंडी आणि धुकं असू शकतं. ओब्राक गावात यात्रेकरूंसाठी बाराव्या शतकात धर्मशाळा उभारली होती. धुक्यात वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून तिथे घंटा वाजवत. चांगल्या रेनकोटावर आणि एका लोकरी स्वेटरवर वजन खर्च करा, बाकी सगळीकडे वाचवा.

चादर दुमडून दोन बाजूंनी शिवून आणा, पिशवीसारखी. मुक्कामावर ब्लँकेट देतात, चादर बऱ्याच ठिकाणी नसते. ढेकणांच्या धास्तीने अनेक घरांत सॅक खोलीत नेऊ देत नाहीत, बूट आणि काठ्याही बाहेरच राहतात. त्यात तुमचा अपमान नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे. स्वच्छतागृहात हँड शॉवर नसतो, एक लहान बाटली ठेवा.

खाऊचं ओझं सगळ्यात जास्त शाकाहारी मंडळी आणतात, आणि त्यामागची काळजी खरी आहे. म्हणून प्रत्येक मुक्कामाला आम्ही तुमचं खाणं आधी लेखी कळवतो आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करतो. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण ती बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे घालून शिजवतात, आपल्यासाठी ती वेगळी करायला सांगावं लागतं. ओब्राकचा आलिगो म्हणजे बटाटा, ताजं चीज, लोणी आणि लसूण घोटून केलेला पदार्थ. पळी उचलली की त्याची हातभर तार निघते. मात्र त्या चीजसाठी वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी, आणि कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असणाऱ्या जैन मंडळींनीही, नोंदणीच्या वेळीच सांगावं. आयत्या वेळी त्या डोंगराळ गावांत पर्याय मिळत नाही. चिवडा, खाकरे, चटणी मिळून सव्वा किलो पुरते.

सिंहगड नेमाने चढणाऱ्यांना एकच सांगणं. तुमचा दम उत्तम आहे, पण इथे लागते ती सलग सहा-सात तास चालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायची सवय. निघण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत शनिवार आणि रविवार लागोपाठ १५ किलोमीटर चाला, त्याच बुटांत. पुण्यातल्या मंडळींसाठी असे सराव आम्ही विनाशुल्क घेतो, नोंदणी केली नसली तरी या.

सहलीनंतर पॅरिसला किंवा नातेवाइकांकडे जाणार असाल तर तिथले कपडे वेगळ्या बॅगेत भरा. ती बॅग ल प्वीच्या हॉटेलात ठेवायची सोय शुल्कातच धरली आहे आणि शेवटच्या दिवशी आपली गाडी सँ-शेलीहून ल प्वीलाच परत येते. त्या बॅगेवर काटा लावणार नाही. दुसरी मात्र भरून, कुलूप लावून, जशी नेणार तशीच बैठकीला घेऊन या.